सुकडी आणि सफरचंद

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

आपल्याकडे शरद ऋतू म्हटलं की कोजागरीचं दूध आठवतं आणि त्याच्या जोडीला ऑक्टोबरचा घाम. इंग्लंडमध्ये मात्र शरद म्हणजे पानगळ. चार वाजताच मावळायला लागलेला दिवस, ओले रस्ते आणि घराघरांतून येणारा सफरचंद भाजल्याचा वास. १९९६ साली मी वर्षभरासाठी नॉटिंगहॅमला होतो. एका सत्तरीकडे झुकलेल्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली होती. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी बाईंनी मला जेवायला खाली बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांनी ओव्हनमधून एक खोलगट काचेचं भांडं काढून टेबलावर ठेवलं. वर बदामी रंगाचा खरबरीत थर होता आणि कडेकडेने सफरचंदाचा रस बुडबुडत वर येत होता.

पहिला घास घेतला आणि मी थबकलो. खालच्या आंबटगोड फळाची चव नवीन होती, पण वरचा तो भाजलेल्या पिठाचा, गोड, रवाळ, दाताखाली भुरभुरणारा थर मी पूर्वी खाल्ला होता. कुठे, ते आठवायला मला दोन-तीन घास लागले. मग आठवलं. सोलापूर जिल्ह्यात, सांगोला तालुक्यात, १९७३ सालच्या उन्हाळ्यात, दुष्काळी कामावर. ती सुकडी होती.

आज मला या दोन पदार्थांविषयी बोलायचं आहे. एक इंग्रज घराने अभिमानाने जपलेला आणि दुसरा आमच्या घराने विसरायचा ठरवलेला.

आधी त्या इंग्रजी पदार्थाची ओळख करून देतो. फळाच्या फोडी भांड्यात पसरायच्या, त्यावर पीठ, लोणी आणि साखर बोटांनी चोळून केलेला चुरा भुरभुरवायचा आणि भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं, एवढीच त्याची कृती. इंग्लंडमध्ये याला क्रंबल म्हणतात. क्रंबल म्हणजे चुरा. अमेरिकेत याचाच भाऊ आहे, त्याचं नाव क्रिस्प, म्हणजे कुरकुरीत. क्रिस्पच्या चुऱ्यात बहुधा ओट्स घालतात, त्यामुळे तो जास्त कुरकुरतो. इंग्लंडमध्ये क्रिस्प मागितलंत तर मात्र दुकानदार बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट हातात देईल!

आपल्या गृहिणींना या चुऱ्याचं शास्त्र वेगळं शिकवायला नको. शंकरपाळ्याला किंवा करंजीला आपण जे मोहन घालतो, तेच हे. फरक इतकाच की आपण मोहन कडकडीत गरम घालतो आणि तिथे लोणी थंडगार वापरतात. काम मात्र एकच. पिठाच्या कणाभोवती स्निग्धाचा लेप बसला की त्याला पाणी नीट लागत नाही, पीठ चिवट होत नाही आणि भाजल्यावर खुसखुशीत राहतं. पीठ मुठीत दाबलं तर मूठ वळली पाहिजे आणि बोट लावलं तर ती मोडली पाहिजे, ही आपल्याकडची परीक्षा क्रंबललाही लागू पडते.

बाईंना मी विचारलं, हा पदार्थ तुमच्याकडे फार जुना असेल ना? त्या म्हणाल्या, "छे, हा तर आमच्या लढाईतला. माझ्या आईच्या पिढीने शोधून काढला. रेशनवर पायला पुरेल एवढं लोणी कुठे मिळायचं?"

इंग्लंडमध्ये कोणालाही विचारलंत तरी हेच उत्तर मिळतं. आणि त्याला आधार नाही असं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ब्रिटन आपल्या अन्नापैकी सुमारे दोन तृतीयांश अन्न बाहेरून आणत होतं. गहू, साखर, लोणी, मांस, फळं सगळं जहाजाने यायचं. जर्मन पाणबुड्या ही जहाजं बुडवायला लागल्या आणि ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर आणि बेकन या तीन वस्तूंवर रेशन आलं. पुढे यादी वाढत गेली. माणशी आठवड्याला साधारण ५७ ग्रॅम लोणी, ११३ ग्रॅम मार्गरिन, थोडी तळणाची चरबी आणि २२७ ग्रॅम साखर मिळायची. यात चहाही आला आणि पावही. ताज्या अंड्याचं प्रमाण आठवड्याला माणशी एक, तेही मिळालं तर.

आता पाय करायचा तर पोळीसारखी लाटता येईल अशी पारी लागते. तिला पिठाच्या निम्मं लोणी घालावं लागतं. कमी घातलं तर ती लाटताना फाटते आणि भाजल्यावर कडक होते. चुऱ्याचं तसं नाही. त्याला लाटायचंच नसल्यामुळे लोणी कमी पडलं तरी चालतं. पातळ भुरभुरवला तरी चालतो. थोडे ओट्स, थोडा शिळ्या पावाचा चुरा मिसळला तरी तक्रार करत नाही. बाईंची आई लोण्याचा रिकामा कागदसुद्धा टाकत नसे. भांड्याला आतून तो कागदच पुसून घ्यायची.

फळाचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. परदेशी केळी १९४० मध्ये बंद झाली, संत्री आली तर ती आधी लहान मुलांसाठी. पण सफरचंद घरचं होतं. त्यातही स्वयंपाकाचं सफरचंद म्हणजे ब्रॅमली. हिरवं, मोठं, नुसतं खाल्लं तर दात आंबवणारं, पण शिजवलं की फेसासारखं मऊ होणारं. या जातीचं मूळ झाड नॉटिंगहॅमहून बसने तासाभरावर असलेल्या साउथवेल नावाच्या गावी आहे. मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ साली तिथे काही बिया लावल्या, त्यातून हे झाड आलं. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅमली या खाटकाने विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुणाने कलमं करायची परवानगी मागितली, तेव्हा ब्रॅमलीने एक अट घातली की जातीला माझं नाव द्यायचं. ज्या मुलीने बी पेरलं तिचं नाव फळाला मिळालं नाही. मी ते झाड पाहून आलो. १९०० साली वादळात ते आडवं झालं आणि पडलेल्या बुंध्यातूनच पुन्हा उभं राहिलं.

श्रोतेहो, या कथेत रेडिओलाही मोठी जागा आहे, हे इथे बसून सांगायला मला विशेष आनंद वाटतो. जून १९४० मध्ये बीबीसीने 'द किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम सुरू केला. सकाळी आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला पाच मिनिटं. बायका पिशवी घेऊन बाजाराला निघायच्या आत त्यांना सांगायचं की आज बाजारात काय मिळण्यासारखं आहे आणि त्याचं काय करता येईल. गर्ट आणि डेझी या नावाने दोन विनोदी कलाकार भगिनी त्यात चुरचुरीत संवाद करायच्या. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन स्वतः बोलायचे. ते मूळचे मोठ्या दुकानांच्या धंद्यातले, त्यामुळे गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे त्यांना कळत होतं. बटाटा, गाजर आणि ओट्स यांचा त्यांच्या खात्याने इतका प्रचार केला की लोकांनी त्याच्यावर विनोद केले, पण खाल्लंही. पोटावरची ती लढाई अशी रेडिओवरून लढली गेली.

म्हणजे बाईंचं म्हणणं पटण्यासारखं होतं. तरी मनात एक शंका राहिली. अमेरिकेत लोण्याची ब्रिटनइतकी टंचाई नसताना क्रिस्प कुठून आला? विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि पुढे अनेक वर्षं जमेल तसं मी शोधत राहिलो. सापडलं ते असं. अ‍ॅपल क्रिस्प हा पदार्थ १९२४ सालच्या अमेरिकन छापील मजकुरात भेटतो. इझाबेल इलाय लॉर्ड यांच्या 'एव्हरीबडीज कुक बुक' या पुस्तकात तो आहे. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या १५ वर्षं आधी. त्याच्याही मागे गेलं तर १८६४ सालापासून 'ब्राउन बेटी' भेटते. ती सफरचंद आणि पावाच्या चुऱ्याचे थर लावून भाजायची. जर्मनीत केकवर असाच चुरा घालतात, त्याला स्ट्रॉयझल म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच भुरभुरवणं. एकोणिसाव्या शतकात लाखो जर्मन अमेरिकेत गेले, ते आपली खाण्याची सवय बंदरावर टाकून गेले नसणार. आणि ओट्स? चपटे केलेले ओट्स डब्यात भरून घरोघरी विकण्याचा धंदा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढला. १९२४ मध्ये ते प्रत्येक घराच्या फळीवर होते.

थोडक्यात, फळावर चुरा घालून भाजण्याची युक्ती लढाईने शोधली नाही. इंग्लंडमध्ये क्रंबल हे नाव घराघरांत रुळलं ते मात्र लढाईच्या आणि त्यानंतरच्या रेशनच्या काळात. पदार्थ जुना होता, लढाईने त्याला नाव दिलं आणि घर दिलं.

मग बाईंसारखी लाखो माणसं तो लढाईत जन्मला असं का म्हणतात? टंचाईची आठवण माणूस सहसा मिरवत नाही. ही मंडळी का मिरवतात?

मला वाटतं त्याचं उत्तर रेशनच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक सगळ्यांकडे होतं. राजघराण्याकडेही. ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट बकिंगहॅम राजवाड्यात उतरल्या होत्या. ताटं सोन्याचांदीची होती, पण त्यात वाढलेला पाव इतर घरांतल्यासारखाच युद्धकाळचा होता, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. सगळं समान होतं असं मी म्हणणार नाही. हॉटेलात जेवायला रेशन लागत नसे, त्यामुळे ज्याच्या खिशात पैसे त्याची सोय होत होती. शेवटी १९४२ मध्ये सरकारला हॉटेलातल्या जेवणावर पाच शिलिंगांची मर्यादा घालावी लागली. काळा बाजारही होता. तरीही, शेजारणीला मिळतं तेवढंच मला मिळतं, हा विश्वास बहुतेकांना होता. लढाई संपल्यावर तर टंचाई वाढली. लढाईत पावावर कधी रेशन नव्हतं, ते जुलै १९४६ ते जुलै १९४८ या काळात आलं. अखेरचं रेशन ४ जुलै १९५४ ला उठलं. म्हणजे बाईंचं शाळेपासून तरुणपणापर्यंतचं आयुष्य त्या पुस्तकातच गेलं. आपण कमीत भागवलं आणि सगळ्यांनी मिळून भागवलं, याची खूण म्हणून ते भांडं दर रविवारी टेबलावर येत होतं.

पण त्याच साम्राज्यात त्याच वेळी दुसरंही काही चाललं होतं. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. वीस ते तीस लाख माणसं मेली असं इतिहासकार सांगतात. जहाजं कुठे पाठवायची, कोणत्या बंदरात धान्य उतरवायचं, हे लंडनमध्ये ठरत होतं आणि हिंदुस्थानातून धान्यासाठी आलेल्या मागण्यांना तिथून फार थोडं आणि फार उशिरा उत्तर मिळालं. त्याच वर्षी आपल्या मुंबईत धान्याचं रेशन सुरू झालं. 'रेशन' हा शब्द मराठीत कायमचा मुक्कामाला आला तो त्या काळात. मुंबईच्या माणसाला रांगेत उभं राहून का होईना, धान्य मिळालं. बंगालच्या खेड्यातल्या माणसाच्या हातात कार्डच नव्हतं.

हे मी बाईंना सांगितलं. खरं तर जेवणानंतर सांगण्याची ही गोष्ट नव्हती. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला हे कोणी शिकवलं नाही." आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी काय खात होते?"

माझा जन्म १९६३ चा, त्यामुळे १९४३ बद्दल मला स्वतःचं असं काही सांगता येईना. मी त्यांना १९७३ सांगितलं. १९७२ चा पाऊस गेला. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात कवडीमोलाने गेली. गावोगावी दुष्काळी कामं निघाली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्यासाठी खडी फोडणं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्यात माझी आई होती. रेशनच्या दुकानात लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि पोटात दगडासारखी बसायची. आणि कामावर, शाळेत सुकडी वाटायचे. भाजलेलं पीठ, थोडं तेल आणि गोड. आम्ही पोरं ती खिशात घालून दिवसभर चिमूट चिमूट खायचो. आम्हाला ती आवडायची, हे खरं आहे. आई मात्र कधी तिच्याकडे बघायची नाही. एकदा मी म्हणालो, "आई, घरी कर ना सुकडी." ती म्हणाली, "पुन्हा नाव काढू नको." त्यानंतर आमच्या घरात तो शब्द निघाला नाही.

इंग्लंडच्या बाईंकडे चुरा होता आणि आमच्याकडेही चुराच होता. पीठ, स्निग्ध, गोड, तिन्ही तेच. पण त्यांचा चुरा त्यांच्या आईने स्वतःच्या ओट्यावर केला होता, स्वतःच्या कार्डावर आणलेल्या जिनसांतून. आमचा चुरा रांगेत उभं राहून, ओंजळ पसरून मिळाला होता. आईला जे बोचत होतं ते पीठ नव्हतं, ती ओंजळ होती. तिच्या त्या श्रमातून पुढे एक मोठी गोष्ट उभी राहिली, हेही सांगितलं पाहिजे. वि. स. पागे यांनी पाठपुरावा केलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात महाराष्ट्रभर पोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. हक्काने मिळालेल्या भाकरीची आठवण माणूस सांगतो. हे मात्र आईला कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मीही नाही.

१९९७ च्या ऑक्टोबरात मी घरी आलो होतो. सोलापूरच्या बाजारात हिमाचलची लाल सफरचंदं आली होती. त्या सफरचंदांचाही एक धागा अमेरिकेला जातो. फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये हिंदुस्थानात आलेले सॅम्युअल स्टोक्स सिमल्याजवळच्या कोटगढला स्थायिक झाले आणि १९१६ च्या सुमारास त्यांनी तिथे अमेरिकेतली डेलिशियस जातीची झाडं लावली. असहकार चळवळीत १९२१ मध्ये ते तुरुंगात गेले, पुढे हिंदू होऊन सत्यानंद झाले. त्यांच्या झाडांच्या वंशातली फळं आपल्या हातगाडीवर येतात. ती गोड असतात, ब्रॅमलीसारखी आंबट नसतात, म्हणून त्यांना लिंबू लागतं.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी प्रमाण सांगतो. एक किलो सफरचंदाच्या फोडी, एका लिंबाचा रस, दोन चमचे साखर, चिमूटभर दालचिनी. वरच्या चुऱ्याला दीडशे ग्रॅम कणीक किंवा मैदा, पाऊणशे ग्रॅम ओट्स, शंभर ग्रॅम थंड लोणी आणि पाऊणशे ग्रॅम साखर किंवा चिरलेला गूळ. बोटांच्या टोकांनी हलकं चोळायचं, तळव्याने मळायचं नाही. १८० अंशांवर चाळीस मिनिटं, कडेने रस बुडबुडेपर्यंत. दहा मिनिटं निवू द्यायचं, म्हणजे वरचा थर कुरकुरीत होतो. सफरचंद नसेल तर बिया काढलेला पेरूही छान लागतो. आपल्या पानगळीला नाही तरी आपल्या थंडीला तो शोभतो.

मी त्या दिवशी बहिणीच्या घरच्या ओव्हनमध्ये तो केला. कणीक आणि गूळ घालून. आई तोवर थकली होती. तिच्यापुढे बशी ठेवली तेव्हा मला धाकधूक होती, कारण ओव्हन उघडताच घरभर जो वास पसरला होता, तो मला ओळखीचा होता. तिने चमच्याने वरचा थर तेवढा उचलला, तोंडात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"सुकडीच की रे ही," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. तिने दुसरा चमचा घेतला, या वेळी सफरचंदासकट. मग खडीच्या ढिगावर तिच्या शेजारी कोण बसायचं, मुकादम हजेरी कशी मांडायचा, एका बाईने बाळ झोळीत टाकून आणलेलं कसं असायचं, हे ती सांगायला लागली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत सांगत होती. मधेच थांबून म्हणाली, "भांड्यात उरलंय का रे अजून?"